साठ अळ्या, अकरा माणसं

गेर्डीन होफ्स्ट्रा त्या सोमवारी प्रयोगशाळेतल्या कॉफीच्या ओट्यापाशी उभी राहून माशांचा चारा दळत होती. असं करायला सक्त मनाई होती. ‘प्रयोगाचं सामान ओट्यावर आणू नये, खाण्याचं सामान प्रयोगशाळेत नेऊ नये’ अशी पाटी ओट्याच्या वर होती, आणि ती गेर्डीननेच एकोणीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने लिहिली होती. पण मत्स्यालयातल्या माशांचा हा चाराच तिच्या अळ्यांचं खाणं होतं, तो दळायचं यंत्र शुक्रवारी बंद पडलं होतं, आणि एकशेवीस अळ्यांना ‘मेकॅनिक गुरुवारी येतोय, तोवर दम धरा’ असं सांगायची काही सोय नव्हती. म्हणून ती कॉफी दळायच्या यंत्रात चारा दळत होती आणि मधूनमधून मागे वळून बघत होती.

या अळ्यांवर बरंच काही अवलंबून होतं. आयसल नदीकाठच्या या गावाच्या जुन्या बंदरातला गाळ त्या उन्हाळ्यात उपसायचा होता. शंभर वर्षं तिथे लोकांनी बोटी खरवडल्या होत्या, रंगवल्या होत्या आणि तेल सांडलं होतं. तो गाळ काठावरच्या कुरणात पसरायचा की बंदिस्त खड्ड्यात पुरायचा, हे गेर्डीन अळ्यांना विचारून ठरवणार होती. पद्धत साधी होती. सहा बीकरमध्ये बंदराचा गाळ, सहा बीकरमध्ये स्वच्छ पांढरी वाळू, वरून पाणी, आणि प्रत्येकात दहा-दहा लाल अळ्या. मोठेपणी त्या डासांसारख्या दिसतात पण चावत नाहीत, आणि लहानपणी गाळातच राहून गाळच खातात. दहा दिवसांनी कुठे किती जगल्या ते मोजायचं. वाळूतल्या जगल्या आणि गाळातल्या मेल्या, तर गाळात विष आहे.

“आणि वाळूतल्याच मेल्या तर?” प्रयोगशाळेचा प्रमुख रूलोफ याने आदल्या आठवड्यात विचारलं होतं. त्याला उत्तर ठाऊक होतं.

“तर चाचणी बाद.”

“यंदा किती बाद झाल्या?”

“दोन. एकदा वीज गेली होती. एकदा तू खिडकी उघडी टाकून गेलास.”

“लुबर्टचं यंत्र चाळीस मिनिटांत एकशेचाळीस विषं मोजतं. खिडकी उघडी असो नाहीतर बंद. तुझ्या अळ्यांना दहा दिवस खाऊपिऊ घालायचं, आणि शेवटी त्या मरतात.”

“मरणं हेच त्यांचं उत्तर असतं, रूलोफ.”

“तिसरी बाद झाली की अळ्यांची खोली बंद. मी तिथे सायकली ठेवणार आहे,” रूलोफ म्हणाला. “पावसात भिजतात बिचाऱ्या.”

गेर्डीनने दळलेली तांबूस पूड शेंगदाण्याच्या लोण्याच्या धुतलेल्या बरणीत भरली, निळं झाकण घट्ट लावलं आणि लेबल आणायला आपल्या खोलीत गेली. लेबल लावल्याशिवाय तिने आजवर एकही बरणी खाली ठेवली नव्हती. ही ठेवली, ती अकरा मिनिटांसाठी.

ती परत येईपर्यंत दहा वाजले होते, आणि दहाच्या कॉफीला ओट्यापाशी सगळेच जमतात. त्यात त्या दिवशी लुबर्ट रजेवरून आला होता. यंत्र चालवणाऱ्या लुबर्टला चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिली मुलगी झाली होती. तीन रात्री तो झोपला नव्हता. नेहमीप्रमाणे गालात ज्येष्ठमधाची काळी गोळी होती, आणि तो गोल टोस्टांना लोणी लावून त्यावर पूड भुरभुरत होता. बाळ झालं की टोस्टवर साखरेत घोळलेली बडीशेप घालून वाटतात. मुलगी असली की गुलाबी दाणे. पण लुबर्टच्या आईला दुकानातले दाणे मान्य नव्हते. तिने आपल्या कोळ्यांच्या गावाहून घरची पूड पाठवली होती: बडीशेप, तांबूस साखर आणि टोस्टचा चुरा, एकत्र कुटून. ती तिने शेंगदाण्याच्या लोण्याच्या धुतलेल्या बरणीत भरली होती, कारण त्या देशात कोणीही काहीही त्याच बरणीत भरतं. झाकण अर्थात निळं होतं. लुबर्टने ती ओट्यावर ठेवली, सुरी शोधली, आणि हाताला जवळची बरणी उघडली.

“अभिनंदन, लुबर्ट!” “अभिनंदन, रूलोफ!” “गेर्डीन, अभिनंदन!” सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं. यात रूलोफचा किंवा गेर्डीनचा काहीच हात नव्हता, पण तशीच रीत आहे. मग अकरा जणांनी एकदम टोस्टचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला.

“वेगळंच आहे,” रूलोफ सावकाश चावत म्हणाला. “गोड नाही फारसं.”

“आईने स्वतः कुटलंय,” लुबर्ट म्हणाला.

“म्हणजे, मला जरासं... माशासारखं लागतंय.”

“आमचं अख्खं गाव मासेमारीवरच चालतं,” लुबर्ट अभिमानाने म्हणाला. त्याला वाटलं, रूलोफ गावाची चौकशी करतोय.

सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या. हे लोक एरवी समोरच्याला ‘तुझे केस आज वाईट दिसतायत’ असं तोंडावर सांगतात, पण बाळाचा टोस्ट अजून कोणी परत केलेला नाही. रूलोफने तर चार खाल्ले आणि एक कागदात गुंडाळून घरी नेला. लुबर्टने स्वतः खाल्ला नाही, वाटणारा शेवटी खातो आणि शेवटी काही उरलं नाही. गेर्डीनला त्या दिवसांत गवताच्या परागांचा त्रास व्हायचा. नाक पूर्ण बंद असल्यामुळे टोस्ट कुरकुरीत आहे, एवढंच तिला कळलं.

कॉफी संपली. लुबर्टने आपली म्हणून एक बरणी पिशवीत टाकली. ओट्यावर निळ्या झाकणाची एकच बरणी उरली. गेर्डीनने तिच्यावर लेबल चिकटवलं, अंगठ्याने कडा दाबल्या: ‘माशांचा चारा. तारीख. गे. हो.’ त्या क्षणापासून ती पूड माशांचा चारा झाली.

दहा दिवस ती एक दिवसाआड बाराही बीकरमध्ये चिमटीने नव्हे, तर मोजून चमच्याने ती पूड घालत राहिली. खोलीला ज्येष्ठमधाच्या गोळ्यांसारखा वास येतो, असं सफाईवाल्याने एकदा तिला सांगितलं. “लुबर्ट येऊन गेला असेल,” ती म्हणाली. त्या इमारतीत सगळ्याच खोल्यांना तो वास यायचा.

गुरुवारी तिने अळ्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. मग खुर्चीवर बसली आणि तिसऱ्यांदा मोजल्या.

“बोल,” रूलोफ दारात उभा होता. हातात सायकलींच्या स्टँडचं माहितीपत्रक होतं.

“वाळूतल्या साठांपैकी चार जिवंत आहेत.”

“आणि बंदराच्या गाळातल्या?”

गेर्डीनने वहीतला आकडा पुन्हा पाहिला. “अठ्ठावन्न. आणि चांगल्या जाड झाल्यात.”

“म्हणजे स्वच्छ वाळूत मेल्या, आणि जिथे शंभर वर्षं बोटी खरवडल्या तिथे बाळसं धरलं.” रूलोफने माहितीपत्रकाची घडी उलगडली. “बाद. मी माप घ्यायला माणूस बोलावतो.”

“थांब. पाणी एकच होतं. उजेड एकच, तापमान एकच. चारा एकाच बरणीतला.” गेर्डीनने बोटांवर मोजत एकेक संशयित सोडून दिला. “फरक एकाच गोष्टीत होता. वाळू. ही गोण या वसंतात नवी आलीये.”

“वाळूत विष आहे म्हणतेस?”

“मी नाही म्हणत. अळ्या म्हणतायत. आणि अळ्या खोटं बोलत नाहीत.”

हे वाक्य तिला पुढे महागात पडलं. कारण रूलोफ नियमाने चालणारा माणूस होता. त्याने गोणीवरचं नाव वाचलं, फोन केला, आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याच गाड्यांनी, त्याच आठवड्यात, तीच वाळू गावातल्या मुलांच्या खेळायच्या तेवीस हौदांत टाकली होती.

“आता दोनच गोष्टी शक्य आहेत,” तो म्हणाला. “एकतर तुझ्या अळ्या चुकतायत, मग खोली बंद. नाहीतर वाळू विषारी आहे, मग चोवीस तासांत नगरपालिकेला कळवायला हवं. नियम बारा.”

गेर्डीनने दहा सेकंद विचार केला. “कळव,” ती म्हणाली.

शुक्रवारी दुपारपर्यंत तेवीस हौदांभोवती लाल-पांढरी फीत लागली होती. शनिवारी नगरपालिकेच्या उद्यानखात्याच्या प्रमुख टेर हार बाईंना एकशेसाठ आयांचे फोन आले. सोमवारी लुबर्टने वाळू यंत्रात घातली. एकशेचाळीस विषांपैकी एकही सापडलं नाही. रूलोफने ते टेर हार बाईंना आनंदाने कळवलं, आणि त्या जास्तच घाबरल्या.

“म्हणजे कुणालाच माहीत नसलेलं विष आहे!” त्या फोनवर ओरडल्या.

“बाई, तसं नाही, यंत्राला काही सापडलं नाही म्हणजे...”

“म्हणजे लपलंय! छप्पन्न अळ्या काय हौसेने मेल्या? मला आत्ता, ताबडतोब, हौदांत टाकायला काहीतरी हवंय. कागदावर पास झालेलं. दुसऱ्या गावची वाळू आणली तर लोक म्हणणार, तिची तरी चाचणी कुठे केलीत? तुमच्या अहवालात एक वस्तू पास झालीये, मी वाचलंय. साठांपैकी अठ्ठावन्न.”

रूलोफच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. “बाई, तो बंदराचा गाळ आहे.”

“साठांपैकी अठ्ठावन्न!” टेर हार बाई म्हणाल्या. “माझ्या शाळेत इतके पास होत नव्हते. आणि तो तुम्ही उपसणारच आहात ना?”

गेर्डीनने फोन हिसकावून घेतला. “बाई, तो गाळ मुलांच्या हातात देऊ नका. त्यात तेल आहे, बोटींचा रंग आहे. तो नुसता उकरला तरी...”

“तुम्ही होफ्स्ट्रा बाई का? तुमचंच वाक्य आहे पान चारवर. ‘अळ्या खोटं बोलत नाहीत.’ मला फार आवडलं ते. आम्ही फलकावर घेतोय.”

बुधवारी सकाळी पहिल्या हौदात बंदराचा गाळ पडणार होता. पुन्हा चाचणी करायला दहा दिवस लागणार होते आणि हातात दीड होते. गेर्डीनने मंगळवारी वाळू पाण्यात उकळली, गाळली, पुन्हा पुन्हा धुतली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. वाळू ती वाळूच. बुधवारी नऊ वाजता तिला इतकंच कळत होतं, की तिच्या शब्दावरून गावातली लहान मुलं काळ्या तेलकट चिखलात भातुकली मांडणार आहेत.

सव्वानऊला लुबर्टची आई आली. बुटकी, काटक म्हातारी, हातात निळ्या झाकणाची बरणी. ती सरळ लुबर्टच्या यंत्रापाशी गेली.

“लुबर्ट, काय आहे हे?”

“आई! तू इथे? बरणी आहे. तूच म्हणालीस ना परत दे.”

“बरणी मला दिसतेय. आत काय आहे?”

“तुझीच पूड. उरलेली.”

“माझी?” म्हातारीने झाकण उघडून बरणी त्याच्या नाकाखाली धरली. “तोंडातली ती गोळी थुंक आधी आणि वास घे. मी कोळ्याच्या घरात जन्मले, कोळ्याच्या घरात दिलेली. मासा मला डोळे मिटून कळतो. आणि हा मासा, लुबर्ट, चांगल्या घरातला नाही!”

“माशासारखं लागतंय असं रूलोफ म्हणाला होता खरा,” लुबर्ट पुटपुटला.

“माझ्या नातीच्या नावाने लोकांना हे खायला घातलंस? आणि त्यांनी खाल्लं?”

“सगळं संपवलं, आई. रूलोफने चार खाल्ले.”

शेजारच्या खोलीत गेर्डीनचा हात वाळूच्या बीकरवर थांबला. ती उठली. तिने बरणी घेतली, नाक शिंकरलं, पुन्हा शिंकरलं, आणि वास घेतला. मग ती आपल्या खोलीत गेली, लेबल लावलेली बरणी उघडली, ओल्या बोटाने कणभर पूड जिभेवर ठेवली.

बडीशेप. गोड, घरची, मनापासून कुटलेली बडीशेप.

पुढचं सगळं तिला एका दमात कळलं. बडीशेपेचं तेल अळ्यांना सोसत नाही, आणि साखरेने पाणी नासतं. पांढऱ्या वाळूत खायला दुसरं काहीच नव्हतं. काळ्या गाळात भरपूर होतं, आणि तो गाळ तेल शोषूनही घेतो. तिथल्या अळ्यांनी बडीशेपेकडे ढुंकूनही न पाहता गाळ खाल्ला होता. दोन्हीकडे चारा एकच होता, म्हणून तिने त्याच्यावर संशय घेतला नव्हता. आणि त्याच्यावर तिचंच लेबल होतं.

“लुबर्ट, सायकल काढ,” ती म्हणाली.

मैदानावर गाळाची गाडी मागे मागे येत होती. रबरी बूट घातलेली चाळीसेक मुलं फितीला पोट लावून उभी होती. त्यांना इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. टेर हार बाईंच्या हातात कात्री होती. शेजारी रूलोफ कोट घालून उभा होता आणि कुठेतरी दुसरीकडे असायला हवं होतं असा त्याचा चेहरा होता. मागे फलकावर गेर्डीनचं वाक्य मोठ्या अक्षरात होतं.

“थांबवा!” गेर्डीन सायकलवरून उतरता उतरता ओरडली. “वाळू चांगली आहे. गाळ नाही. चूक माझी आहे.”

तिने दोन्ही बरण्या पुढे केल्या आणि सगळं सांगितलं, क्रमाने, तारखांसकट. अकरा मिनिटांची बिनलेबलाची बरणीही वगळली नाही. टेर हार बाईंनी कात्री खाली केली. गाडीवाल्याने इंजिन बंद केलं. मुलांमध्ये कोणीतरी रडायला लागलं.

रूलोफचा चेहरा मात्र हळूहळू उजळत गेला. “म्हणजे चाचणी बाद,” तो म्हणाला. “तिसरी.”

“बाद,” गेर्डीन म्हणाली.

“लुबर्टच्या यंत्राने आधीच सांगितलं होतं, वाळू स्वच्छ आहे. चाळीस मिनिटांत. तुझ्या अळ्या चुकल्या.”

“रूलोफ,” लुबर्ट मध्येच म्हणाला. त्याला अजून धाप लागली होती. “अळ्या चुकल्या नाहीत रे. मी काल बीकरमधलं पाणीही यंत्रात घातलं होतं. तेही स्वच्छ आलं. बडीशेप आमच्या यादीतच नाही. यंत्र यादीतलंच शोधतं. त्या पाण्यात आईची पूड आहे, हे इमारतीत फक्त अळ्यांना कळलं होतं.”

“पण मी म्हणतो...”

“आणि मासा?” टेर हार बाईंनी विचारलं. त्यांच्या मनात वेगळाच हिशेब चालू होता. “माशांचा चारा अकरा माणसांनी खाल्ला म्हणता. त्यांना कोणालाच कळलं नाही?”

रूलोफ कोटाची बटणं लावू लागला.

“एकाला किंचित माशासारखं लागलं होतं,” गेर्डीनने नेमकेपणासाठी सांगितलं. “मग त्याने आणखी तीन खाल्ले.”

टेर हार बाईंनी कोणाला ते विचारलं नाही. रूलोफचे लाल झालेले कान पाहून त्यांना विचारावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी गेर्डीनने बाद चाचणीचा अहवाल रूलोफच्या टेबलावर ठेवला. चूक, कारण, तारखा, सगळं होतं. शेवटी एक परिशिष्ट होतं. रूलोफने ते उभ्यानेच वाचलं आणि मग बसला.

‘चुकीच्या खाद्याची जाणीव. अळ्या, वाळूतल्या: साठ. प्रतिसाद: छप्पन्न. माणसं, प्रौढ, सुशिक्षित: अकरा. प्रतिसाद: शून्य. टीप: नमुना क्रमांक सात याने चार टोस्ट खाऊन पाचवा घरी नेला. जगण्याचं प्रमाण: शंभर टक्के.’

“नमुना क्रमांक एक कोण?” रूलोफने क्षीण आवाजात विचारलं.

“मी.”

“हे पान काढ.”

“मिळालेली माहिती वगळायची नाही. नियम नऊ.”

रूलोफने खिडकीबाहेर पाहिलं. सायकली पावसात भिजत होत्या. “हा अहवाल जातो कुठे?”

“कुठेच नाही. अळ्यांच्या खोलीतल्या कपाटात राहतो.” गेर्डीनने चष्मा पुसला. ती धमकी देत नव्हती, तिला ते जमतही नव्हतं. ती फक्त पद्धत सांगत होती. “खोली बंद झाली तर मात्र तिथलं सगळं दप्तर प्रयोगशाळेच्या नियामक मंडळाकडे पाठवावं लागतं. तिथे सात जण वाचतात. नियम पंधरा.”

रूलोफने बराच वेळ माहितीपत्रकातल्या स्टँडकडे पाहिलं. मग त्याने ते दुमडून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. “सायकलींवर ताडपत्री घालू,” तो म्हणाला.

पुन्हा केलेल्या चाचणीत वाळूतल्या एकोणसाठ अळ्या जगल्या. गाळ या वेळी वरवरचा नव्हे, तर बंदराच्या तळापासून घेतला होता, आणि त्यातल्या जगल्या फक्त नऊ. गाळ बंदिस्त खड्ड्यात गेला, हौदांवरच्या फिती निघाल्या, आणि मुलं वाळूत परतली ती तोंड वाकडं करूनच.

लुबर्टच्या आईला मात्र हे सगळं असंच सोडणं मान्य नव्हतं. आपल्या नातीच्या नावाने लोकांच्या तोंडाला लागलेली चव पुसायलाच हवी, म्हणून एका सोमवारी दहाच्या कॉफीला ती स्वतः आली. बरणीवर या वेळी तीन लेबलं होती, त्यातलं एक गेर्डीनचं. सगळ्यांनी पुन्हा सगळ्यांचं अभिनंदन केलं. टोस्ट मोडले. “वा!” लोक म्हणाले. “हे खरं!” म्हातारी सगळ्यांच्या तोंडांकडे निरखून बघत होती.

रूलोफनेही घास घेतला, गिळला आणि गोड हसला. मग कॉफी ओतायच्या निमित्ताने तो गेर्डीनच्या जवळ सरकला.

“खरं सांगू?” तो हळूच म्हणाला. “मागच्या वेळचे जास्त चवदार होते.”

गेर्डीनने खिशातून वही काढली, तारीख घातली, वेळ घातली.

‘नमुना सात,’ तिने लिहिलं. ‘जिवंत. भूक उत्तम.’